उलट्या गुहेची मावशी

गावातली माणसं त्या पार्कला 'अर्ध्या तासाची बाग' म्हणायची, आणि खरं सांगायचं तर त्यातही पाच मिनिटं चपला शोधण्यात जायची. पाळण्याला बारा डबे होते, त्यातला सातवा कायम कुलूपबंद. धबधब्यापेक्षा घरातला नळ जोरात यायचा. किल्ला समोरून किल्ला होता आणि मागून नुसते लोखंडी पाइप. दारात स्वागताला सिमेंटचा हत्ती उभा होता. त्याची सोंड एकदा तुटली तेव्हा कुणीतरी घाईघाईत पाण्याच्या पाइपची नवी बसवली. तेव्हापासून लहान मुलं त्याला पाहून खिदळायची आणि त्यांचे आईबाप हातातल्या तिकिटाकडे पाहून गप्प व्हायचे.

या बागेत मावशी एकवीस वर्षं नोकरीला होती. तिला मावशी कोण पहिल्यांदा म्हणालं ते कुणाला आठवत नाही, पण ती लागली तेव्हा तिशीतच होती आणि तरी तिला ते शोभून दिसायचं. सुरुवातीला तिला तिकिटाच्या खिडकीवर बसवलं होतं. ती तिथे चार दिवस टिकली. चौथ्या दिवशी एका गृहस्थानं सहज विचारलं, "आत काय काय आहे हो बघण्यासारखं?" मावशीनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "तसं फारसं काही नाही." गृहस्थ बायकोमुलांना घेऊन आल्या पावली परत गेला. नेमके मोठे मालक मागेच उभे होते. ज्यांनी ही बाग स्वतः उभारली, त्यांच्या बागेबद्दल त्यांच्याच खिडकीतून हे ऐकायला मिळालं! पण माणूस दिलदार. ते म्हणाले, "या बाईच्या पोटात काही राहत नाही. हिला अशा जागी बसवा जिथे हिला कुणी काही विचारणार नाही."

अशी मावशी गुहेवर आली.

गुहा म्हणजे बागेच्या मागच्या कोपऱ्यातली एक लांबट, बिनखिडक्यांची शेड. बाहेरून तिला खडकाचा रंग फासला होता. आत रुळांवर आठ डबे, त्यांना साखळी ओढत न्यायची. एका दारानं आत जायचं, चार मिनिटं अंधारात फिरायचं आणि शेजारच्याच दारानं बाहेर यायचं. मोठ्या मालकांनी तिच्यात एक गोष्ट बसवली होती. आपण घरातून निघतो, दारात निळ्या कपड्यांतली आई हात हलवून निरोप देते. मग गाव लागतं, मग जंगल, मग गुरगुरत उठणारा राक्षस, आणि राक्षस ओलांडला की खजिना. खजिन्याच्या पेटीत पिवळा दिवा होता. तो लागला की फेरी संपली. मोठ्या मालकांना त्या दिव्याचा भारी अभिमान होता.

मावशीचं काम एकच: हिरवं बटण. ते दाबून धरलं की डबे चालायचे आणि अंगठा उचलला की जागच्या जागी थांबायचे. आत कुणी घाबरून उभं राहिलं तर लगेच थांबवता यावं म्हणून ही सोय होती. म्हणजे डबे आत असताना मावशीला उठता येत नसे, नाक खाजवायचं तर डावा हात. एकवीस वर्षांत तिचा उजवा अंगठा चमच्यासारखा चपटा झाला होता. रोज सकाळी बाग उघडण्याआधी ती बॅटरी घेऊन गुहेतून पायी चक्कर मारायची, घराच्या बाजूच्या छोट्या दारातून शिरून खजिन्यापर्यंत. आईच्या कोपराच्या स्क्रूला तेल, राक्षसाच्या डोळ्यांवर फडकं, जंगलातली कोळ्याची जाळी झाडून साफ. (खऱ्या कोळ्यांची. खोटी जाळी कधीच फाटून गेली होती.) डब्यात मात्र ती कधी बसली नव्हती. ती बसली तर बटण कोण धरणार?

मावशीचा नवरा त्याच बागेत वायरमन होता. माणूस कामाला चोख, बोलायला कमी, आणि कागदावर सही करायला फार उतावीळ. पुढे जे झालं ते या सहीमुळे झालं.

आठ वर्षांपूर्वी गुहेची मोटर जळाली. कंपनीचा माणूस नवी मोटर घेऊन आला, त्यानंच ती जोडली, मोटरला आणि तिच्या पेटीला सील ठोकलं आणि कागद पुढे केला: 'चालू स्थितीत मिळाली.' वायरमननं पाहिलं, मोटर गरगर फिरत होती. त्यानं सही केली. सील तोडलं तर वर्षाची गॅरंटी जाईल असं बजावून तो माणूस गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शाळेची सहल आली. चाळीस मुलं रांगेत, पहिली आठ डब्यांत. मावशीनं बटण दाबलं आणि डबे मागे निघाले. मुलं पाठमोरी, आरडाओरडा करत, 'बाहेर' लिहिलेल्या दारातून आत गेली आणि चार मिनिटांनी 'आत' लिहिलेल्या दारातून बाहेर आली.

"अहो!" मावशी ओरडली.

वायरमन धावत आला. आठ डबे पाहिले, मोटर पाहिली, सील पाहिलं. तीन वायरींपैकी दोन उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या, दोन मिनिटांचं काम. पण वायरी सीलच्या आत. बाहेरून येणारी लाइन बदलावी तर त्याच लाइनवर धबधब्याचा पंप, तो उलटा फिरला असता. कंपनीला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, तीन आठवडे लागतील. मोठे मालक तेव्हा हॉस्पिटलात होते आणि त्यांना काही सांगायचं नाही अशी सगळ्यांना ताकीद होती. आणि समोर चाळीस मुलं 'आम्हाला पण उलटं जायचंय' म्हणून नाचत होती.

"आजच्यापुरतं," वायरमन म्हणाला. त्यानं दारांवरच्या पाट्या काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. संध्याकाळी दोघांनी मिळून आठही डब्यांचे नट सोडले आणि डबे फिरवून बसवले. एक सील वाचवायला बत्तीस नट. पण लोक तोंड पुढे करून जाऊ लागले आणि कुणाला काही कळलं नाही.

कंपनीचा माणूस आलाच नाही. मोठे मालक त्याच महिन्यात गेले. आणि 'आजच्यापुरतं'ची आठ वर्षं झाली.

आता म्हणाल, गॅरंटी तर वर्षात संपली, मग का नाही सरळ केलं? केलं असतं. वर्ष पुरं झालं त्या शनिवारी वायरमन पक्कड आणि टेस्टर घेऊन आलाही होता. पण त्याच दिवशी एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई फेरी संपवून डब्यातून उतरल्या आणि चष्मा काढून डोळे पुसू लागल्या. त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्या मावशीला म्हणाल्या, "सगळीकडे शेवटी खजिना देतात हो. इथे खजिना आधी येतो, आपण तो उचलायला जातो, तर मागून राक्षस उठतो. आपण पळत सुटतो. जंगल, गाव, आणि हात रिकामेच राहतात. आणि शेवटी काय, तर घर आणि दारात आई. कुणाला सुचलं हे?"

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं पक्कड खिशात टाकली.

त्या भूगोलाच्या बाई पुढच्या शनिवारी पुन्हा आल्या. येताना त्यांनी एका दातांच्या डॉक्टरांना आणलं. डॉक्टरांनी एका बेकरीवाल्याला आणलं, आणि कुठूनशा दोन जुळ्या बहिणी येऊन चिकटल्या. वर्षाचा पास काढून दर शनिवारी येणारी ती पाच माणसं. बागेतले लोक त्यांना 'मंडळ' म्हणायचे, थोडं कौतुकानं आणि बरंचसं चेष्टेनं. कारण या अर्ध्या तासाच्या बागेत ती दिवसभर बसायची आणि बागेला कसं सुधारता येईल यावर कडाक्यानं भांडायची.

बाईंकडे एक जाडजूड वही होती आणि तिच्यात सगळ्या सुधारणा तारीखवार लिहिलेल्या. डॉक्टरांचं म्हणणं, राक्षसाला वर एकोणीस दात आहेत आणि खाली चौदा, असा जबडा मिटणारच नाही, आधी तो दुरुस्त करा. बेकरीवाल्याला गाव ओलांडताना ताज्या पावाचा वास यायला हवा होता, आणि पाव तो स्वतः द्यायला तयार होता. जुळ्या म्हणायच्या, जंगलातले निम्मे दिवे काढून टाका, जितकं कमी दिसेल तितकी जास्त भीती. बाईंना बागेतल्या प्रत्येक वाटेला नाव हवं होतं आणि धबधब्याला नकाशात 'झरा' म्हणावं असा त्यांचा आग्रह होता, म्हणजे निदान लोकांचा अपेक्षाभंग तरी होणार नाही. हत्तीच्या सोंडेबद्दल मात्र पाचही जणांचं एकमत होतं. सोंड आहे तशीच ठेवा, फक्त तिच्यातून पाणी सोडा.

मावशीचा या मंडळावर जीव जडला. जगात आपल्या गुहेवर भांडणारी पाच शहाणीसुरती माणसं आहेत, हेच तिला नवल वाटायचं. आणि त्याच वेळी पोटात एक खडा टोचत राहायचा. बाईंच्या वहीत 'शेवटाचा अर्थ' या विषयावर चाळीस पानं भरली होती. मोठ्या मालकांना त्यांनी थोर कलावंत ठरवून टाकलं होतं. बाई वाचून दाखवायच्या आणि जिच्या पोटात कधी काही राहिलं नाही, ती मावशी मूग गिळून बटण दाबत राहायची.

मग यंदाच्या वर्षी मोठ्या मालकांच्या मुलीनं, म्हणजे आताच्या मालकीणबाईंनी, सगळ्यांना बोलावून सांगितलं की गुहा पाडायची. तिथे छोट्या मोटारींचा ट्रॅक होईल. गर्दी रोडावत चालली होती, त्यामुळे त्यांचं तरी काय चुकलं? मावशीला त्या म्हणाल्या, "काळजी करू नका मावशी, नोकरी जाणार नाही. तुम्हाला पुन्हा तिकिटाच्या खिडकीवर बसवू."

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं.

मंडळाला कळलं तेव्हा बाईंनी पाच सह्यांचं पत्र मालकीणबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मालकीणबाई हिशेबी असल्या तरी वाईट नव्हत्या. त्यांनी निरोप दिला, शनिवारी अकरा वाजता कॅन्टीनमध्ये या, तुमच्या सगळ्या कल्पना सांगा. गुहा ठेवण्यासारखं एक जरी कारण मला पटलं, तरी ठेवीन.

शुक्रवारी जेवताना वायरमननं बायकोला बजावलं, "उद्या तू तोंड उघडायचं नाहीस."

"मी कशाला उघडू?"

"तू खिडकीवर कशाला उघडलं होतंस?"

मावशीनं त्याच्या ताटात आमटी वाढली. वायरमन जरा नरमला. "अगं, बाई छान बोलतात. त्या शेवटाबद्दल बोलतील, ताईंना पटेल, गुहा वाचेल. तेवढा अर्धा तास फक्त गप्प बस. आठ वर्षं बसलीस ना?"

"बसले," मावशी म्हणाली. "मला सरळ कुणी विचारलं नाही म्हणून बसले."

तरी तिनं कबूल केलं. तोंडाला कुलूप.

शनिवारी कॅन्टीनमधली टेबलं जोडून मंडळ एका बाजूला बसलं, मालकीणबाई दुसऱ्या बाजूला. नोकरमाणसं भिंतीला टेकून उभी राहिली. डॉक्टरांनी प्लास्टरचा जबडा आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवून दोनदा उघडला आणि मिटला. मालकीणबाई हसल्या, पण त्यांना काही पटलं नाही. बेकरीवाल्यानं पावाची टोपली फिरवली. पाव सगळ्यांनी खाल्ला, पटलं मात्र कुणाला नाही. जुळ्या एकाच वेळी बोलल्यामुळे त्यांचं कळलंच नाही.

मग बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी वही उघडली. "ताई, तुमच्या वडिलांनी जगावेगळं काम केलंय. सगळे खजिन्याकडे नेतात. त्यांनी आपल्याला खजिन्याकडून घरी आणलं. असा शेवट मी तरी कुठे पाहिलेला नाही. हा तुम्ही पाडू नका."

मावशीला वाटलं, जमलं.

मालकीणबाईंनी भुवया चढवल्या. पायाशी ठेवलेली एक गुंडाळी त्यांनी वर घेतली आणि टेबलावर उलगडली. जुना, पिवळा पडलेला नकाशा होता. "पाडायच्या आधी मी हा शोधून काढला," त्या म्हणाल्या. "वडिलांच्या हातचा आहे. इथे बाण बघा. घर, गाव, जंगल, राक्षस, खजिना. बाई, त्यांचा शेवट खजिनाच होता. तुम्ही म्हणता ते कुठून आलं?"

बाई वाकून नकाशा पाहू लागल्या. "नंतर बदललं असेल त्यांनी. मोठे कलावंत बदलतात."

"असेल," मालकीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "मावशी, तुम्ही सगळ्यांत जुन्या. वडिलांनी बदललं का हे?"

वायरमन पंख्याकडे पाहू लागला. मावशीला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. 'हो' म्हटलं असतं तर गुहा राहिली असती, बाईंची चाळीस पानं राहिली असती आणि खिडकीही टळली असती. तिनं तोंड उघडलं.

"नाही ताई. मोठ्या मालकांनी नाही बदललं. आम्ही बदललं. म्हणजे बदललं नाही, झालं."

आणि मग आठ वर्षं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. मोटर, सही, सील, सहलीची चाळीस मुलं, पाट्या, बत्तीस नट. वायरमन एक पाऊल पुढे आला. "सही माझी आहे, ताई. तिचा काही दोष नाही. मोटर फिरते का एवढंच मी पाहिलं. कुठल्या बाजूला फिरते ते नाही पाहिलं."

डॉक्टर आधी खोकले, मग हसायला लागले, इतके की जबडा टेबलावरून खाली पडला. जुळ्याही हसल्या. बाई हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. "म्हणजे चाळीस पानं मी एका सीलवर लिहिली," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा पडला की मावशीला आपली जीभ हासडून टाकावीशी वाटली. जिनं सात वर्षं तिच्या गुहेवर माया केली, तिलाच तिनं चारचौघांत दुखावलं होतं, आणि गुहाही घालवली होती.

मालकीणबाईंनी नकाशा स्वतःकडे ओढला. त्या रागावतील म्हणून सगळे थांबले होते. त्यांनी निराळंच विचारलं.

"मग आई? आई आता कुठे येते?"

"शेवटी, ताई," मावशी म्हणाली. "डबे बाहेर येतात ना, त्याच्या जरा आधी."

"आधी ती सुरुवातीला यायची." मालकीणबाईंचं बोट नकाशातल्या घरावर होतं. "मी सात वर्षांची होते. बाबांनी मला पहिल्या फेरीला बसवलं. आई हात हलवत मागे राहिली आणि डबा पुढे गेला. मी इतकी रडले की खजिना काही दिसलाच नाही. बाबा खूप हिरमुसले. त्यानंतर मी कधी बसले नाही त्यात." त्या उठल्या. "चला मावशी, बटण दाबा."

सगळी वरात गुहेपाशी आली. मालकीणबाई पहिल्या डब्यात एकट्याच बसल्या. मावशीनं हिरवं बटण दाबलं. चार मिनिटं म्हणजे काही फार नाहीत, पण त्या दिवशी तिनं ती सेकंदासेकंदानं मोजली. आतून राक्षसाची गुरगुर आली, मग जंगलातला वारा, मग गावातली घंटा. डबा बाहेर आला. मालकीणबाई उतरल्या नाहीत.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीनंतर उतरल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "बाबांनी चूक केली होती," त्या म्हणाल्या. "खजिना शेवटी ठेवून. तुमच्या सीलनं ती दुरुस्त केली. गुहा पाडायची नाही." मग त्या बाईंकडे वळल्या. "आणि बाई, ती चाळीस पानं कुठल्या सीलवर नाहीत. तुम्ही जे पाहिलं ते तिथे आहे. मी आत्ता पाहून आले."

बाईंनी वही परत काखेत घेतली.

जुळ्यांनी टाळ्या पिटल्या. वायरमन खाली बसला. आणि मंडळ एका दमात पुन्हा भांडायला लागलं: आता जबडा आधी की पाव आधी की दिवे आधी. मालकीणबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"एक मिनिट. मावशी, तुमचं काय म्हणणं? एकवीस वर्षं इथे आहात. काय सुधारावं?"

"मला काय विचारता ताई? मी कधी बसलेच नाही त्यात."

सगळे तिच्याकडे पाहत राहिले. तिला उगाचच गुन्हा केल्यासारखं वाटलं. "बटण कोण धरणार?" ती म्हणाली.

मालकीणबाईंनी तिला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसल्या आणि बटणावर अंगठा ठेवला. वायरमन बायकोशेजारी डब्यात चढायला लागला तेव्हा मावशी म्हणाली, "तुम्ही दुसऱ्या डब्यात बसा. तुम्ही मध्येच मोटर ऐकत बसाल." तो निमूटपणे मागच्या डब्यात बसला.

खजिन्याचा दिवा लागला. रोज पुसायची ती पेटी, पण बसून पाहिली तर पिवळा उजेड तोंडावर पडतो हे तिला आज कळलं. मग मागून राक्षस उठला. त्याच्या छातीतली स्प्रिंग तिनंच दोनदा बदलली होती, तरी ती घाबरली आणि चांगली किंचाळली. मागच्या डब्यातून नवऱ्याचं हसू ऐकू आलं. जंगल अंगावरून गेलं. गाव आलं. आणि वळणावर निळ्या कपड्यांतली आई दिसली, हात वर, खाली, वर. कोपराला सकाळीच तेल घातलेलं, करकर अजिबात नाही. रोज सकाळी मावशी तिला मागे टाकून निघायची. आज ती समोरून येत होती. आणि तेवढ्यात तिला ते दिसलं.

डबा बाहेर आला तशी ती उतरली आणि सरळ बोलली. "दार बंद आहे."

"कुठलं दार?" डॉक्टरांनी विचारलं.

"आईच्या मागचं. घराचं. मोठ्या मालकांनी ते बंदच रंगवून घेतलं, कारण तेव्हा आपण निघत होतो. आता आपण येतोय. आई बोलावते आणि दार बंद. असं कुणी करतं का?"

सात वर्षं मंडळानं दात मोजले होते, दिवे मोजले होते, वाटांना नावं दिली होती, आणि ते दार एकाच्याही नजरेत भरलं नव्हतं. बाईंनी काखेतली वही काढली, उभ्याउभ्याच उघडली, एक्केचाळिसावं पान काढलं आणि मावशीकडे पेन दिलं. "तुम्हीच लिहा," त्या म्हणाल्या. मावशीनं चपट्या अंगठ्यानं पेन धरून लिहिलं, 'घराचं दार उघडं ठेवणे', आणि खाली तारीख घातली.

सोमवारी बाग बंद असते. वायरमननं प्लायवुडमधून दार कापलं, बिजागऱ्या लावल्या आणि आत एक साधा पांढरा दिवा बसवला. या वेळी कागदावर सही करायची नव्हती, त्यामुळे दार बरोबर बाजूलाच उघडलं. बेकरीवाला दर शनिवारी त्या दारामागे एक गरम पाव नेऊन ठेवायला लागला. राक्षसाचे दात मात्र अजून एकोणीस आणि चौदाच आहेत, डॉक्टर त्यावर अजून भांडतात.

मावशी बटणावरच आहे. परवा एक बाई लहान मुलीला घेऊन आली. मुलगी आईला चिकटून उभी होती, आत जायला बिचकत होती. आईनं विचारलं, "आत काय आहे हो?"

मावशीनं क्षणभर विचार केला. "तसं फारसं काही नाही," ती म्हणाली. "पण शेवटी दार उघडं आहे." आणि त्या दोघी डब्यात बसल्या.